चाळीस ओळींचं हक्कसोडपत्र

"मॅडम, एका कागदावर ही सही करत न्हाई, आणि दुसऱ्या कागदावर मालकाची सही मागतीया. नोकरी घालवून बसंल. तुमी जरा समजावून सांगा हिला."

सुभेदारांनी दोन कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि ते खुर्चीत ताठ बसले. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण पाठ अजून निवृत्त झाली नव्हती. शेजारी त्यांची मुलगी अरुणा. वय चोवीस-पंचवीस. सांगलीतच इंजिनिअरिंग झालेली, गाव शिराळ्याजवळचं. चेहऱ्यावर असा राग, की मला वाटलं नवऱ्याचं प्रकरण आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझं ऑफिस सांगलीत कोर्टाच्या मागच्या गल्लीत, बांगड्यांच्या दुकानावरच्या माडीवर होतं. माझ्याकडची निम्मी कामं वाटणीची, उरलेली घरमालक-भाडेकरूंची. कॉम्प्युटरबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की तो आमच्या टायपिस्टच्या पोटावर येणार आहे. (नावं सगळी बदलली आहेत. यातले मालक अजून माझ्याशी बोलतात, ते तसंच राहू दे.)

"तू सांग," मी अरुणाला म्हटलं. "आणि मला काही कळत नाही असं समजून सांग."

तिने सांगितलं. ती माधवनगरला आप्पांच्या कारखान्यात प्रोग्रॅमर होती. आप्पा वजनकाटे बनवत. ट्रक लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढतो, काटा वजन घेतो, ते आकडे तारेवरून कॉम्प्युटरकडे जातात, आणि पावती छापून बाहेर येते. तारेवरचे आकडे वाचणारा प्रोग्रॅम मात्र आप्पांचा नव्हता. तो परदेशातून आलेला. तिथल्या शेकडो लोकांनी मिळून लिहिलेला आणि फुकट वाटलेला. नुसता वाटलेला नाही, त्याचा सोर्स कोडही, म्हणजे माणसाने हाताने लिहिलेला मूळ मजकूरही, सगळ्यांना उघडा. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा.

अडचण लाइटची होती. माधवनगरला दिवसातून चार वेळा लाइट जायची आणि यायची. कॉम्प्युटरला बॅटरी होती, काट्याला नव्हती. लाइट गेली-आली की काटा त्या क्षणी तारेवर काहीतरी अगडमबगडम कचरा पाठवायचा, आणि प्रोग्रॅम तो कचरा हुकूम समजून तिथेच अडकून बसायचा. मग काट्यावर ट्रकची रांग आणि ड्रायव्हरच्या शिव्या.

"ज्यांनी प्रोग्रॅम लिहिला त्यांच्याकडे लाइट जातच नाही, मॅडम," अरुणा म्हणाली. "त्यांना हे कळणार कसं?"

तिला कळलं. दोन महिने डोकं लावून तिने चाळीस ओळी लिहिल्या. आता कचरा आला की प्रोग्रॅम तो टाकून द्यायचा आणि काट्याला पुन्हा विचारायचा. रांग संपली, शिव्या संपल्या. मग ह्या पोरीला वाटलं, की हा दोष आपल्याकडेच थोडाच असेल, जिथे जिथे लाइट जाते तिथे तिथे असणार. विश्रामबागेत एका मैत्रिणीकडे मोडेम होता. तिथून तिने त्या चाळीस ओळी परदेशातल्या मंडळींना ईमेलने पाठवल्या.

त्यांचं उत्तर आलं. काम उत्तम आहे, घेतो, तुमचं नाव घालतो. पण तुम्ही नोकरी करता. तेव्हा तुमच्या मालकांचा या कोडवर काही हक्क नाही, आणि असलाच तर ते तो सोडत आहेत, असं त्यांच्या सहीचं पत्र पाठवा. पत्राचा नमुना सोबत होता. तोच माझ्या टेबलावरचा पहिला कागद, दोन्ही कडांना भोकं असलेला, डॉट मॅट्रिक्सवर छापलेला.

मी वाचला आणि हसले. "हे तर हक्कसोडपत्र आहे!"

आमच्या भागात हक्कसोडपत्र काय असतं ते सांगायला नको. वडील गेले की भाऊ बहिणीला माहेरी बोलावतात, जेवू घालतात, साडीचोळी करतात आणि जमिनीतला तिचा हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही घेतात. असे कागद मी शेकड्याने केले होते. मालकाने कामगाराच्या नावे केलेलं हक्कसोडपत्र मात्र पहिल्यांदाच बघत होते.

"आप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, माझ्या पगारात लिहिलेलं माझं. सही करत नाही. आणि वर हा दुसरा कागद दिला. सोमवारपर्यंत सही करून आण, नाहीतर येऊ नकोस."

दुसरा कागद मराठीत टाइप केलेला बाँड होता. 'मी आजवर लिहिलेले व यापुढे कधीही, कोठेही लिहीन ते सर्व लिखाण कारखान्याच्या मालकीचे असून त्यावर माझा अगर माझ्या वारसांचा काडीमात्र हक्क राहणार नाही.'

'यापुढे' या शब्दावर मी थांबले. हा शब्द माझ्या ओळखीचा होता.

इथे माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. माझं माहेर रहिमतपूर. वडील गेले तेव्हा वकिलीला मला आठ वर्षं झाली होती. पक्षकाराला मी दर वेळी विचारायची, "वाचलंत का? पुन्हा वाचा." आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावाने पुढे केलेल्या कागदावर मी न वाचता सही केली. भावाचा कागद काय वाचायचा, वाचला तर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. पुढे आई गेली. तिला तिच्या माहेरून मिळालेली एक जागा होती, ती तिने मला तोंडाने दिलेली. भाऊ म्हणाला, "ताई, तू तर सोडलंयस. 'यापुढे मिळणारे' असं लिहिलंय की." कोर्टात तो शब्द टिकला नसता. जे अजून हातात आलेलंच नाही, ते सोडता येत नाही. पण मी भांडले नाही. राग मला भावापेक्षा स्वतःचाच जास्त आला, आणि तो गेला नाही.

तर मी त्या पोरीची बाजू तिथेच घेतली. पण वकिलाला आधी वाईट बातमी सांगावी लागते.

"अरुणा, कायदा आप्पांच्या बाजूने आहे. कायद्याच्या लेखी कॉम्प्युटर प्रोग्रॅम ही साहित्यकृती असते."

"काय?"

"साहित्यकृती. कविता, कादंबरी, तसा तुझा काट्याचा प्रोग्रॅम. पण नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं, आणि वेगळा करार नसेल, तर लेखिका तू आणि मालक आप्पा."

"मग कायदा चोर आहे."

"चोर नाही. पगार देणाऱ्याचा आहे."

सुभेदारांना हे पटलं. "मग झालं तर. सही करून टाक. वरच्यानं हुकूम दिला की करायची असती सही. आमी काय वाचत बसलो का कवा?"

"न्हाई करणार, आबा." इतका वेळ माझ्याशी पुस्तकी बोलणारी पोरगी एकदम शिराळ्याचं बोलली. "फुकट आणला आमी त्यो प्रोग्रॅम. वरीसभर त्यावर काटं इकलं. आता चाळीस ओळी परत द्यायच्या तर हात आखडायचा? मला लाज वाटती. आन् माझ्या डोक्यात उद्या काय येईल ते बी आजच लिहून देऊ? न्हाई देत. जाऊ दे नोकरी."

बापलेक एकमेकांकडे बघेनात. मला विचारायचं ते मी विचारलं. "तो मोठा प्रोग्रॅम फुकट दिला, तो काही अटींवर दिला असेल ना? कागद आहे?"

तिने पिशवीतून भोकांच्या कागदाची लांबलचक घडी काढली. "लायसन्स आहे. कुणी वाचत नाही."

"मी वाचते. त्याचेच मला पैसे मिळतात."

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी ते लायसन्स घेऊन बसले. लिहिणारा कुणीतरी भलताच हट्टी माणूस होता, हे पहिल्याच पानावर कळलं. मला तो आवडला. वापरा, बदला, विका सुद्धा, आमची हरकत नाही. पण बदललेला प्रोग्रॅम ज्याला द्याल त्याला मूळ मजकूरही द्या, आणि तुम्हाला जी मोकळीक मिळाली तीच त्यालाही द्या. ही अट मोडलीत तर तुमची परवानगी तिथेच संपली. मी दोनदा वाचलं. मग पेन्सिलने एका परिच्छेदाला चौकट केली आणि चहा टाकला.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं माधवनगरला आप्पांच्या ऑफिसात. आप्पा स्वतः आयटीआय झालेले, लेथवर काम करून वर आलेले. पोटाने आणि आवाजाने मोठे. सुभेदारांना बघून उठून उभे राहिले, फौजी माणसाला ते मान देत. मला बघून मात्र त्यांनी खुर्ची मागे ढकलली.

"आवं वकीलबाई, कशाला तरास घेतला? साधी गोष्ट हाय. पगार माझा, खुर्ची माझी, लाइटचं बिल माझं. मग लिवलेलं कुणाचं?"

"तुमचं," मी म्हटलं.

आप्पांनी मागे ढकललेली खुर्ची पुन्हा पुढे ओढली. भांडायची तयारी करून बसलेल्या माणसाला हो म्हटलं की तो अडखळतोच. अरुणाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आप्पांकडून पाकीट घेतलंय.

"चाळीस ओळी तुमच्या. हवं तर लिहून देते. आता बाकीच्या ओळींचं बोलू."

"बाकीच्या कुठल्या?"

"त्या प्रोग्रॅमच्या. किती आहेत गं?"

"हजारो," अरुणा म्हणाली.

"त्या फुकट हायत की!" आप्पा हसले.

"फुकट आहेत, बेवारस नाहीत. तुमच्या गावाला गायरान आहे?"

"हाय. नदीकडंला."

"तुमची म्हैस तिथे चरली तर पैसे पडतात?"

"कशाला पडतील? गावाचं हाय ते."

"मग उद्या त्याला कुंपण घाला. पाटी लावा, आप्पांची खासगी जागा."

"गाव मारंल की मला!" आप्पा पुन्हा हसले. मग त्यांचं हसणं थांबलं.

मी चौकट केलेला परिच्छेद त्यांच्यापुढे ठेवला आणि मराठीत सांगितला. "वर्षभरात तुम्ही हा बदललेला प्रोग्रॅम घालून काटे विकलेत. एका तरी गिऱ्हाइकाला मूळ मजकूर दिलात?"

"कुणी मागितलाच न्हाई."

"तो मिळतो हे तरी कुणाला सांगितलंत? लायसन्स वाचलं होतं का तुम्ही?"

"ते इंग्रजीत व्हतं."

"चाळीस ओळींवर मालकी सांगताय ती ज्या कायद्याने, त्याच कायद्याने हजारो ओळींचे मालक तुम्हाला विचारू शकतात, की आमच्या अटी मोडून काटे कसे विकता?"

"म्हंजी केस हुईल?"

खोटं भय घालणं मला जमत नाही. "होईल असं मी म्हणत नाही. माधवनगरला कोण येतंय तिकडून. पण हक्काची भाषा तुम्ही काढलीत, आप्पा. ती काढली की दोन्ही बाजूंची काढावी लागते."

आप्पांनी पंख्याकडे बघितलं. मग पोटातली खरी गोष्ट बाहेर आली. "त्यो कुपवाडवाला हाय न्हवं, त्यो बी ह्योच प्रोग्रॅम घालून काटे इकतोय, ते लाइट गेली की अडकत्यात. माझे न्हाई अडकत. हिनं त्या ओळी तिकडं दिल्या की उद्या त्याला बी फुकट मिळतील."

"मिळतील," अरुणा म्हणाली. "आप्पा, पण त्यांच्या प्रोग्रॅमचं नवं व्हर्जन येतंय. त्यात आपली दुरुस्ती नसली, तर मला ती पुन्हा बसवावी लागणार. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा. आणि आज मी घरी गेले तर कोण बसवणार? ती मूळ प्रोग्रॅममध्येच गेली की कायमची बसली. आणि कुपवाडवाल्याने काही दुरुस्त केलं, तर ते आपल्यालाही मिळेल."

"त्यो काय दुरुस्त करतोय! त्याला इस्क्रू फिरवता येत न्हाई."

सगळे हसले, सुभेदार सोडून. पहिली गाठ सुटत आली होती, हे मला आप्पांच्या हाताकडे बघून कळलं. ते पेन शोधत होते. पण दुसरा कागद अजून तसाच होता.

"बरं, ती सही मी करतो," आप्पा म्हणाले. "आता हिनं बाँडवर करायची. फिटंफाट."

"फिटंफाट नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "तुम्ही चाळीस ओळी सोडताय. ती जन्माचं सोडणार? ऐका, वाचते." मी बाँड मोठ्याने वाचला. 'यापुढे कधीही, कोठेही.' "उद्या हिने घरी बसून कविता लिहिली, तर ती काटा कारखान्याची? लग्न झालं, पोराला अंगाई रचली, ती पण तुमची? वारस सुद्धा बांधलेत तुम्ही. हा कागद लिहिला कुणी?"

"एका हक्कसोडपत्रावरनं घेतला," आप्पा खाली बघून म्हणाले. "माझ्या भनीचं व्हतं. नावं बदलली आन् जमिनीच्या जागी लिखाण घातलं फकस्त."

तो कागद कुणाचाही असू शकला असता. माझाही.

आणि तेवढ्यात सुभेदार उठले. मला वाटलं, आता हे मुलीला सही करायला लावणार.

"आप्पासाब," ते म्हणाले, "मीच हिला म्हनलं व्हतं सही कर म्हणून. मी वाचलं नव्हतं. आता कानानं ऐकलं. फौजेत मी चोवीस वर्सं हुकूम पाळला. पण फौजेत बी नोकरीला मुदत असती. सुटला की माणूस आपल्या घरचा असतो. हितं तर मेल्यावर बी सुट्टी न्हाई. माझी पोरगी सही करणार न्हाई. नोकरीवरनं काढायचं तर काढा."

अरुणा बापाकडे बघतच राहिली. तिने इतका वेळ दाबून धरलेलं पाणी तेव्हा डोळ्यांत आलं.

आप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाँड ओढून घेतला आणि पेन माझ्याकडे दिलं. "वकीलबाई, तुमीच खोडा काय खोडायचं ते."

मी 'यापुढे' खोडलं, 'कधीही' खोडलं, 'कोठेही' आणि 'वारस' खोडलं. 'काट्यांसाठी, नोकरीत असताना, कारखान्याच्या कामाचा भाग म्हणून' एवढंच ठेवलं. त्याखाली गिऱ्हाइकांना मूळ मजकूर देण्याची एक ओळ आप्पांसाठी घातली. अरुणाने तीनदा वाचलं आणि सही केली.

आता परदेशच्या पत्राचं. त्यांनी साध्या कागदावर एक सही मागितली होती. आप्पांना ते मान्य होईना. "हक्क सोडायचा तर कागद कागदावाणी दिसला पायजे. अमेरिकेत आपली इज्जत हाय का न्हाई?" मग स्टॅम्पपेपर आला. नोटरीचा शिक्का, कारखान्याचा गोल शिक्का, आप्पांचा फोटो, फोटोवर अर्धा शिक्का. साक्षीदार दोन: आप्पांचे फोरमन आणि 'सुभेदार (निवृत्त)'. नमुन्यातली दोन वाक्यं त्या शिक्क्यांमध्ये शोधावी लागत होती.

सही करून आप्पा मला म्हणाले, "बहीण हक्क सोडती तवा तिला साडीचोळी करत्यात. मला काय?"

अरुणाने पिशवीत हात घातला. टॉवेल, टोपी आणि नारळ. सोमवारी नोकरी राहते का जाते हे माहीत नसताना ही पोरगी सकाळी ते घेऊन आली होती! तिने आप्पांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, नारळ हातात दिला. आप्पांनी टोपी सरळ केली आणि म्हणाले, "जा आता. कामाला लाग. लाइट आलीया."

दीड महिन्याने उत्तर आलं. कागद पोचला, चाळीस ओळी घेतल्या, आणि इतके शिक्के असलेलं पत्र आमच्याकडे पहिलंच, जपून ठेवतो. पुढच्या व्हर्जनमध्ये मदत करणाऱ्यांच्या यादीत अरुणाचं नाव आलं, त्यापुढे गावही. आप्पांनी ते पान छापून फ्रेम करून ऑफिसात लावलं. नवं गिऱ्हाईक आलं की बोट दाखवायचे, "आमची दुरुस्ती साऱ्या जगात चालती." कुपवाडवाल्यालाही ती मिळाली. त्याने काहीच दुरुस्त केलं नाही, हे आप्पांचं भाकीत तेवढं खरं ठरलं.

अरुणा दोन वर्षांनी पुण्याला गेली. जाताना मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही नसतात तर मी नोकरी सोडून मोकळी झाले असते." मी म्हटलं, "ते वाईट झालं नसतं. पण न वाचता सही करून बसली असतीस, तर वाईट झालं असतं." फुकट द्यावं. हात सैल सोडून द्यावं. पण काय देतोय ते वाचून द्यावं, एवढंच माझं म्हणणं.

अरुणा गेली त्याच वर्षीच्या भाऊबीजेला मी रहिमतपूरला गेले. ओवाळणं झालं, जेवणं झाली. पान खाता खाता भावाने एक कागद पुढे केला. आमच्या जुन्या खळ्याच्या जागेचा काही घोळ होता, माझी सही लागत होती.

"ठेव तिथे. वाचते, मग बघू."

त्याचा चेहरा पडला. "ताई, आम्ही परके झालो का तुला?"

"परका असतास तर मी फी घेतली असती," मी म्हटलं आणि चष्मा लावला.

कागद ठीक होता. घोळ खरा होता, सही खरंच हवी होती. फक्त चौथ्या ओळीत 'यापुढे' होतं. मी ते खोडलं, शेजारी आद्याक्षरं केली, भावाकडून पण करून घेतली, आणि मग सही केली.